पीटीचे सर डोंगर उतरतात

डोंगर कसा चढावा हे पीटीच्या सरांना कोणी शिकवायची गरज नव्हती. हे अर्थात पीटीच्या सरांचं मत. त्यांच्या लेकीचं मत वेगळं होतं आणि घरात चालायचं ते तिचंच. एक तर ती नर्स. त्यात मागच्या हिवाळ्यात गोठलेल्या गवतावरून घसरून, घोटा मुरगळून बसलेल्या सरांना घरी आणायला तिलाच जावं लागलं होतं.

"बाबा, नीट ऐका," यंदा थंडी पडताच ती म्हणाली. "डोंगरावरून पुन्हा एकदा जरी कोणाचा फोन आला ना, तर तुमचे बूट मी देऊन टाकणार. मग रविवारी बागेतल्या बाकावर बसायचं."

शाळेतून निवृत्त झाल्यापासून रविवारचा डोंगर हेच काय ते त्यांचं सुख होतं.

म्हणून त्या रविवारी सर शहाण्या बाळासारखे निघाले. अंगात कपड्यांवर कपडे, कानटोपी, जादा मोजे, विजेरी, थर्मासमध्ये गरम सूप. कुठल्या वाटेने जाणार, कधी परतणार, सगळं लेकीला सांगून झालं. शेवटी तिने त्यांच्या गळ्यात शिट्टी अडकवली. शिट्टीला पट्टी, पट्टीवर तिचा फोन नंबर.

"अडचणीत सापडलात तर लागोपाठ सहा वेळा वाजवायची, थांबायचं, परत सहा. मदत हवी असल्याची खूण आहे ती."

"मला शिट्टी शिकवतेस? अगं, उभा जन्म शिट्टी फुंकण्यात गेला माझा."

आणि तिथेच तर घोटाळा होता.

चढण झकास झाली. धुकं खाली राहिलं, वर लख्ख ऊन पडलं होतं. सर मजेत सूप पीत बसले होते. तेवढ्यात खालच्या वाटेवर लाल जाकिटं घातलेली काही माणसं दिसली. आणि काय ते चालणं! एक बाई पार पुढे, बाकीचे रेंगाळत मागे, आणि एक महाभाग फोटो काढत चक्क उलटा चालतोय, तोही उताराच्या कडेने. सरांचा हात आपोआप शिट्टीकडे गेला. मैदानावर पोरांना रांगेत आणायला ते जशी वाजवायचे, तशीच त्यांनी वाजवली. ती नेमकी सहा फुंकांची होती, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

खालची माणसं जागच्या जागी थबकली. सरांनी खुशीत येऊन परत सहा फुंकल्या. तशी ती सगळी रांग धरून, धापा टाकत वर पळत सुटली. सरांचा ऊर भरून आला. इतकी गुणी पोरं त्यांना शाळेतही कधी मिळाली नव्हती.

"काका, हलू नका," पुढची बाई पोचताच म्हणाली. "आम्ही बचाव पथकाचे."

ही बाई एरवी बेकरी चालवायची आणि पथकाची प्रमुखही तीच होती. सुट्टीच्या दिवशी ही सगळी मंडळी डोंगरावर सराव करायची. जखमी माणूस म्हणून स्ट्रेचरवर तिच्या बेकरीतलं मैद्याचं पोतं असायचं.

"मला काही झालेलं नाही," सर म्हणाले. "मी ठणठणीत आहे."

"धक्का बसलेली माणसं हेच म्हणतात," पथकातला दातांचा डॉक्टर गंभीरपणे म्हणाला.

सरांनी पटवून द्यायला तिथल्या तिथे उठाबशा काढून दाखवल्या. डॉक्टरने बेकरीवाल्या बाईकडे पाहून मान हलवली. "डोक्यालाही मार दिसतोय."

"अहो, मी फक्त तुम्हाला रांगेत..." सर बोलायला लागले आणि थांबले. बाईचे डोळे भरून आले होते.

"काका, पथक काढल्यापासून आम्ही वाट बघतोय हो," ती म्हणाली. "आजवर एकही खरा माणूस मिळाला नाही. गावात हसतात आम्हाला."

पहिल्या सामन्याला उतरणाऱ्या पोरांचे चेहरे सरांनी जन्मभर पाहिले होते. हे चेहरे तसेच होते. सर पाघळले आणि निमूटपणे आडवे झाले. "घोटा जरा दुखतोय खरा," ते म्हणाले.

मग काय, पथकाला उधाण आलं. सरांना चांदीसारख्या कागदात गुंडाळून स्ट्रेचरवर बांधलं आणि वरात निघाली. थोड्याच वेळात सर आडव्यानेच हुकूम सोडू लागले. "दातवाले, पाऊल चुकतंय. डावा, उजवा. बाई, उतारावर गुडघे सैल ठेवा." पथक लयीत उतरू लागलं. सरांना फार मजा येत होती.

"आणि काका, काळजी करू नका," बाई म्हणाली. "पट्टीवरच्या नंबरवर घरी कळवलंय."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

पायथ्याशी लेक ड्यूटीच्या कपड्यांतच उभी होती. सरांनी पुढे केलेल्या पायातला बूट तिने काढला आणि घोटा दाबला. "दुखतंय?"

सरांनी एकदा बुटाकडे पाहिलं. नाही म्हटलं तर बूट वाचणार होते. मग त्यांनी पथकाकडे पाहिलं. सगळ्यांनी श्वास रोखून धरला होता.

"दुखतंय गं," सर म्हणाले.

लेकीने त्या धडधाकट घोट्यावरून पुन्हा हात फिरवला. मग पथकाकडे वळून म्हणाली, "वेळेवर आणलंत म्हणून बरं. उपकार झाले तुमचे."

दातांच्या डॉक्टरने बेकरीवाल्या बाईला मिठी मारली.

गाडीत बसल्यावर लेक म्हणाली, "मुरगळला होता तो डावा, बाबा. तुम्ही उजवा दाखवलात." बूट तिच्या मांडीवर होते.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडे बेकरीवाली बाई होती. काकांचा घोटा बरा झाला की दर रविवारी सरावाला पेशंट म्हणून पाठवाल का, असं ती अगदी अजिजीने विचारत होती. लेकीने मांडीवरचे बूट सरांकडे सरकवले.

"हरकत नाही," ती म्हणाली. "नाहीतरी ते पडतात ते उतरतानाच."

हल्ली सर दर रविवारी डोंगर चढतात. उतरवायचं काम पथकाकडे आहे. परवा शेजाऱ्यांनी कौतुकाने विचारलं, "काय सर, डोंगरावरून उतरताना दरी कशी दिसते हो?"

"ते काही सांगता यायचं नाही," सर म्हणाले. "पण आभाळ फार छान दिसतं."