जावईबापू पडले कुणाकडे?

“तुम्ही फक्त एक करा,” रसिका म्हणाली. “आज काहीही करू नका.”

सुहासने चहाचा कप खाली ठेवला. रत्नागिरीच्या एका सरकारी कचेरीत तो पंचवीस वर्षं कारकून होता, त्यामुळे काही न करणं त्याला अवघड नव्हतं. पण बायकोने ते असं सकाळी सकाळी, तिच्याच माहेरी, बोट दाखवून सांगावं हे त्याला लागलं.

“मी नुसता बसून राहीन.”

“बसलात की बोलता. बोललात की घोळ होतो. मागच्या वेळी ‘सहहिस्सेदार’ म्हणजे काय ते तुम्ही सदूकाकांना समजावून सांगितलंत आणि ते अर्ध्या जेवणावरून उठले.”

हे खरं होतं. रसिकाला वडिलांच्या जागेवर दोन खोल्या बांधायच्या होत्या. जागा संगमेश्वरच्या अलीकडे, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, उतारावर. सातबाऱ्यावर मात्र चार काकांच्या घरांचीही नावं होती, आणि चारही घरांची संमतीपत्रं सह्यांसकट हवी होती. थोरले रामजीकाका, मधले सदूकाका आणि वारलेल्या तिसऱ्या काकांची चिमाकाकी, ही तिघं दुपारी एक वाजता रामजीकाकांच्या पडवीत सह्या करायला जमणार होती. चौथे, धाकटे हरिश्चंद्रकाका, त्यांच्याबद्दल बोलायचंच नाही असं ठरलेलं होतं. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी बांधावरचा सामायिक फणस कुणाला न विचारता तोडला आणि त्याचा दरवाजा केला. तेव्हापासून त्यांच्या अंगणात वाडीतल्या कुणी पाऊल टाकलेलं नव्हतं. त्यांची सही कशी मिळवायची हे रसिकाने देवावर सोडलं होतं.

“मग मी एक वाजेपर्यंत जाऊ कुठे?”

“सड्यावर जा. वारा खा.”

सुहास सड्यावर गेला. तिथे वाऱ्याबरोबर एक फलक होता. ‘डोंगरउतार सायकल सफर. वाटाड्यासह. नवशिक्यांचे स्वागत.’ फलकाखाली तेजस्वी नावाची एक चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी टायर दाबून बघत होती. दापोलीला शेतीची पदवी घेतली, नोकरीचं बघता बघता हा उद्योग सुरू केला, असं तिने सांगितलं. सोमवार असल्यामुळे गिऱ्हाईक एकही नव्हतं.

“सायकल येते ना, काका?”

“शाळेत रोज न्यायचो,” सुहास म्हणाला. त्यानंतर पस्तीस वर्षं गेली होती हे त्याने सांगितलं नाही, कारण तिने विचारलं नाही.

तेजस्वीने त्याचं नाव विचारून घेतलं आणि त्याला गुडघ्याला, कोपराला आणि डोक्याला जे जे बांधता येईल ते बांधलं. हेल्मेट असं होतं की आतून फक्त डोळे दिसावेत. मग तिने शिकवायला सुरुवात केली. “पेडलवर उभं राहायचं. बूड मागे. डाव्या हातात मागचा ब्रेक, उजव्या हातात पुढचा. दोन्ही मिळून हळूहळू दाबायचे. पुढचा एकटा कच्चकन दाबलात तर सायकल थांबेल, तुम्ही थांबणार नाही. कळलं?”

“कळलं.”

“आणि कायम माझ्या मागे राहायचं.”

सड्यावर सगळं झकास चाललं. कातळ सपाट होता, काजूला मोहोर होता, आणि सुहासला वाटू लागलं की आपण उगाच फायलींत आयुष्य घालवलं. मग सडा संपला. पुढे वाट एकदम खाली वळली आणि सायकल सुहासला न विचारता पळू लागली.

दोन ब्रेकांपैकी एक अजिबात दाबायचा नाही एवढं त्याला पक्कं आठवत होतं. कुठला, ते आठवेना. हिशेबी माणूस असल्यामुळे त्याने कुठलाच दाबला नाही. पहिल्याच वळणावर तो तेजस्वीच्या पुढे गेला.

“सुहासकाका! ब्रेक! सुहासकाका, ब्रेक दाबा!”

तिचा आवाज खणखणीत होता. त्या हेल्मेटमध्ये सुहासला त्याच्या आईनेही ओळखलं नसतं. पण आता खालच्या सगळ्या वाडीला कळलं की येतोय तो रसिकाचा नवरा. आणि वाट थेट वाडीतूनच जात होती, पाखाडीच्या जांभ्याच्या पायऱ्यांच्या कडेकडेने, एकेका घराचं अंगण चाटून. सासुरवाडीतली चार घरं. वरून खाली. वयाच्या क्रमाने.

कोकणात घरासमोरून जाताना हाक आली की थांबायचं असतं. जावयाने तर थांबायचंच असतं. लग्नघाई असो नाहीतर सुतक, दोन घोट चहा घेतल्याशिवाय पुढे जायचं नसतं. हे सुहासला माहीत होतं. सायकलला माहीत नव्हतं.

“जावईबापू, या या! चाय घ्या!” रामजीकाका पडवीतून उठून दोन पायऱ्या उतरले.

सुहासने ‘वाचवा’ म्हणायला एक हात वर केला. खालून तो मिरवणुकीत गर्दीला करतात तसा दिसला. रामजीकाकांचा हात तिथेच राहिला आणि सुहास दिसेनासा झाला.

“काय गडबड काय हाय? बसा जरा!” हे सदूकाका. त्यांच्या अंगणातून सुहास गेला तेव्हा त्यांची कोंबडी त्याच्याबरोबर थोडं अंतर धावली.

चिमाकाकीने अंगणात चटईवर कुळीथ वाळत घातले होते. सुहास त्या चटईच्या ह्या टोकाने शिरला आणि त्या टोकाने बाहेर पडला. “अगो बाय माझे! माझं कुळीथ!” एवढं त्याला पाठीमागून ऐकू आलं.

पुढे चौथं अंगण होतं आणि अंगणाच्या मधोमध भाताच्या पेंढ्याची उडवी होती. सुहासला शेवटी एक निर्णय घ्यावा लागला. त्याने डोळे मिटून उजव्या हाताचा ब्रेक कच्चकन दाबला. सायकल थांबली. तेजस्वी बरोबर बोलली होती. सुहास नाही थांबला.

तो कंबरेपर्यंत उडवीत गेला. कुणीतरी पाय धरून ओढलं आणि तो पुन्हा उजेडात आला. समोर सत्तरीकडे झुकलेला, बंडीतला एक माणूस उभा होता.

“कोन तुमी?”

“लशिकाचा नवला,” सुहास म्हणाला. पडताना त्याची जीभ चावली गेली होती.

“आमच्या रसिकाचा?” हरिश्चंद्रकाकांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग वर, भावांच्या घरांकडे पाहिलं. “थोरल्याकडं थांबलाव नाय?”

सुहासने मान हलवली.

“सदूकडं? चिमावैनीकडं?”

सुहासने पुन्हा मान हलवली.

“सरळ माझ्याकडं आलाव?”

हे एका अर्थाने खरंच होतं. हरिश्चंद्रकाका आत गेले. सुहासने पेंढ्याने भरलेलं हेल्मेट काढलं. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला. पाहुण्यांचे कप नऊ वर्षं वरच्या फळीवर होते. मग चहा आला, पोहे आले, पुन्हा चहा आला, आणि काका बोलू लागले. फणसाला भोंगा, खोड पोखरणारा किडा, लागला होता, तो त्या पावसात कुणाच्या तरी घरावरच पडला असता, हे सांगायला गेलो तर कुणी ऐकून घेतलं नाही, हे सगळं त्यांनी सांगितलं. एरवी सुहासने मध्येच झाडतोडीचा नियम काढला असता. पण जीभ सुजली होती, त्यामुळे तो नुसता ऐकत राहिला. एवढं छान ऐकून घेणारा माणूस काकांना आयुष्यात भेटला नव्हता.

“रसिकाला घर बांधायचं हाय म्हणं,” काका शेवटी म्हणाले. “कागद असंल तर द्या. सही करताव.”

सुहास कारकून होता. महत्त्वाच्या कागदाची एक जादा प्रत खिशात नसली की त्याला उघडं पडल्यासारखं वाटे. त्याने प्रत काढली, आणि जी सही देवावर सोडलेली होती ती पाच मिनिटांत मिळाली.

एक वाजता तो ती सही घेऊन पाखाडी चढला तेव्हा त्याच्या मनात आलं की आज रसिका चारचौघांत आपलं कौतुक करणार. पडवीत मात्र वेगळंच वातावरण होतं. तिघं मांडीवर हात ठेवून बसली होती. रसिका डोकं धरून बसली होती. समोर तीन कोरी संमतीपत्रं आणि एक उघडं पेन होतं. तेजस्वी पायरीवर उभी राहून सगळ्यांची माफी मागत होती.

“आलाव?” रामजीकाका म्हणाले. “केसात पेंढा कुणाचा हाय?”

सुहासने डोक्यावर हात फिरवला.

“आमी हाक मारली. मी ह्या वयात पायऱ्या उतरून हाक मारली. तुमी हात केलाव नि गेलाव. नि जाऊन चाय घेतली कुणाकडं? त्या फणसतोड्याकडं!”

“अहो काका, मी गेलो नाही,” सुहास बोबड्या जिभेने म्हणाला. “मी तिथे पडलो.”

त्याला वाटलं होतं की ह्याने विषय मिटेल. सदूकाका ताडकन उठले.

“मंग आमच्याकडं पडायला काय झालं होतं? आमच्याकडं पेंढा नाय? आमचं अंगण काय धाकलं हाय?”

“माझ्या कुळथावरनं गेलाव,” चिमाकाकी पदराने डोळे पुसत म्हणाली, “पर पडलाव नाय. सख्खी चुलतसासू मी.”

रामजीकाकांनी पेनाला टोपण लावलं. “सह्या नाय. ज्याच्याकडं पडलाव, त्याच्याकडनंच घर बांधून घ्या.”

रसिकाचा चेहरा पडला. त्या दोन खोल्यांसाठी ती तीन वर्षं झटत होती. वडिलांच्या जागेवर दुसऱ्याच्या पाहुण्यासारखं येणं तिला आता नको झालं होतं. सुहासला प्रथमच खरंच वाईट वाटलं, आणि जीभ सुजलेली असूनही तो बोलायला तोंड उघडू लागला. रसिकाने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने ते मिटलं.

“तेजस्वी,” ती सावकाश म्हणाली, “उद्या सायकल आहे का गो मोकळी?”

“आहे की ताई.”

“मग ठरलं. उद्या अकरा वाजता हे पुन्हा वरून येतील. आधी थोरल्या काकांकडे, मग सदूकाकांकडे, मग काकीकडे. मान सगळ्यांचा राहील.”

त्या संध्याकाळी तेजस्वीने शाळेच्या मैदानावर सुहासकडून दोन तास ब्रेक घोटून घेतले. डावा, उजवा, दोन्ही मिळून. दुसऱ्या दिवशी अकराला तो सड्यावरून निघाला तेव्हा त्याचा हात बसला होता. सगळी वाडी पाखाडीवर उभी होती. तीन अंगणांत तीन उडव्या रचलेल्या होत्या. रामजीकाकांची सर्वांत उंच, कारण ते थोरले. सुहास डौलात वळण घेऊन आला, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबले, आणि उडवीपासून हातभर अंतरावर सायकल उभी केली. तेजस्वीने टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या कुणीच वाजवल्या नाहीत. सुहास उतरला, वाकून पाया पडला, हसला.

“थांबलाव?” रामजीकाका म्हणाले.

“थांबलो ना. चहा घेतो आता.”

“धाकट्याकडं पडलाव,” काका जड आवाजात म्हणाले, “नि थोरल्याकडं नुसतं थांबताव?”

सुहासने बायकोकडे पाहिलं. रसिकाने डोळ्यांनीच वर सड्याकडे खूण केली. तो सायकल ढकलत पुन्हा वर गेला. पुन्हा खाली आला. ह्या खेपेस त्याने फक्त उजवा ब्रेक दाबला. रामजीकाकांनी स्वतः पाय धरून त्याला बाहेर ओढलं आणि चहाच्या आधी सही केली. सदूकाकांकडे त्याची चप्पल पेंढ्यात राहिली ती राहिलीच. चिमाकाकीने मात्र, “सावकाश पडा हां, लागंल,” असं बजावून ठेवलं होतं आणि पडल्यावर त्याच्या कोपराला खोबरेल चोळलं.

दोन वाजता रसिकाच्या हातात चार सह्या होत्या. सगळी मंडळी रामजीकाकांच्या अंगणात बसली होती. तेवढ्यात दगडी गडग्यापलीकडून कुणीतरी खाकरलं. हरिश्चंद्रकाका उभे होते. आत येत नव्हते.

रसिकाने कागद छातीशी धरले. “काका, सही...”

“सहीचं काय नाय गो. दिली ती दिली.” त्यांनी सुहासकडे पाहिलं. “आज तिघांकडं पडलाव. सगळी वाडी बघायला. माझ्याकडं पडलाव तवा कोन होतं? नऊ वरसांनी कोनतरी अंगणात आलं, ते बी डोक्यावर. नि बघायला कोन नाय.”

सुहासचं कोपर सोललं होतं, कंबर धरली होती, पण त्याने हेल्मेट उचललं आणि सायकल घेऊन वरची वाट धरली.

“काका, पुरे आता,” तेजस्वी म्हणाली.

“एकच.”

तो वर पोहोचला तोवर खाली हालचाल झाली होती. रामजीकाका काठी घेऊन उठले होते. “बघूया तरी, ह्याच्याकडं कसे पडतात,” असं म्हणत ते पाखाडी उतरले. मागे सदूकाका, मागे चिमाकाकी. हरिश्चंद्रकाकांच्या बेड्यापाशी, म्हणजे अंगणाच्या फाटकापाशी, तिघं अडली. मग चिमाकाकी, “उन्हात किती उभं ऱ्हायाचं मेलं,” असं म्हणून आत शिरली, आणि बाकीचे तिच्यामागून शिरले.

वर सुहासने मागून आलेल्या तेजस्वीकडे पाहून मान हलवली आणि सायकल सोडली. आज त्याला सगळं जमत होतं. तो पहिल्या अंगणातून गेला, दुसऱ्यातून गेला, कुळथाला वळसा घातला, बूड मागे, नजर पुढे, आणि चौथ्या अंगणात येऊन त्याने उजवा ब्रेक असा दाबला की तो हवेत पूर्ण एक गिरकी घेऊन उडवीच्या माथ्यात डोक्यावर गेला. एवढं सुंदर तो आजवर कधीच पडला नव्हता.

पेंढ्यातून त्याने हळूच डोकं बाहेर काढलं. ओसरीवर चहा चालला होता. सदूकाका फणसाच्या दरवाज्यावर हात फिरवत होते, चिमाकाकी नाक शिंकरत होती, हरिश्चंद्रकाका भोंग्याचं सांगत होते आणि रामजीकाका ऐकत होते. उडवीकडे एकाचंही लक्ष नव्हतं.

“काका,” सुहास म्हणाला, “पडलो मी.”

रामजीकाकांनी मागे न बघताच हात हलवला.

“जरा पलीकडं पडा, जावईबापू. आमी बोलताव न्हवं.”