शिफारस कोणाची?

देवळीच्या वाचनालयाचे ग्रंथपाल बबनराव यांच्याशी इंटरनेटवर मैत्री करायची, तर आधी शिफारस लागत असे.

या घोटाळ्याचं खापर माझ्याच डोक्यावर. मी शाळामास्तर, वाचनालयाचं रोजचं गिऱ्हाईक. दोन हजार सहाच्या सुमारास तिथे संगणक आला, तेव्हा मैत्रीच्या एका साइटवर वाचनालयाचं खातं मीच उघडून दिलं. गाव सोडून गेलेल्यांनाही नव्या पुस्तकांची यादी दिसावी, एवढाच हेतू. पण बबनरावांना माणूस जोडायची एकच रीत ठाऊक: अर्ज, आणि त्यावर जुन्या सभासदाची सही. पुण्यात स्थायिक झालेल्या आमच्याच गावच्या एका डॉक्टरनं मैत्रीची विनंती पाठवली. बबनरावांनी एका बोटानं टाइप केलं, 'शिफारस कोणाची?' डॉक्टरनं हसरा चेहरा पाठवला.

"हसून काऊन राह्यला हा? मास्तर, नियम सगळ्याइले सारखा!"

शेवटी शिफारस मी दिली. डॉक्टरचं कार्ड लाकडी खणात आडनावाच्या क्रमानं लागलं. पुढे त्यानं जेवणाच्या ताटाचा फोटो टाकला, तर त्याखाली बबनरावांनी नुसतं '६४१' लिहिलं. पाकशास्त्राच्या पुस्तकांचा तो क्रमांक.

या माणसाला हे सगळं हवंय तरी कशाला, याचं मला भारी कुतूहल. एकदा मागून डोकावलो, तर शोधायच्या चौकटीत त्यांच्या मुलीचं नाव होतं, सुषमा. तिनं स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं, तेव्हा बबनरावांनीच तिला घराचं दार बंद केलं होतं. सात वर्षं झाली त्याला.

"सापडली परवा," ते हळूच म्हणाले. "फोटोत मांडीवर पोरगी हाये. काय लिहू, समजूनच नाई राह्यलं मले."

'चुकलो' असं लिहा, मी म्हटलं. त्यांनी बालविभागात आलेल्या नव्या पुस्तकांची यादी पाठवली. मग दर आठवड्याला पाठवत राहिले. उत्तर नाही. मला तर त्यांचा रागच आला. लेकीला कुणी याद्या पाठवतं का?

दिवाळीच्या सुट्टीआधी उत्तर आलं. 'बाबा, वाचनालय कधी उघडं असते?'

बबनरावांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मग टाइप केलं, 'सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी चार ते आठ. सोमवारी बंद.' पाठवलं, आणि पडद्याकडे बघत बसले. थोड्या वेळानं बोट परत चालू लागलं.

'सोमवारीबी येजो. चाबी माह्याजवळच राह्यते.'