एका सेल्फला

शेवटच्या रविवारी आम्ही दोघं आमच्या जुन्या डिझेल जीपमधून दादरला बांगडे आणायला गेलो. सिग्नलला शेजारी एक चकचकीत गाडी येऊन थांबली. सुमनने हात बाहेर काढून तिच्या काचेवर टकटक केली. आतल्या साहेबाने काच खाली घेतली.

"तुमच्या गाडीला दमा झालाय," ही म्हणाली. "एअर फिल्टर झटकून घ्या."

साहेब माझ्याकडे बघायला लागला. मी सिग्नलकडे.

माझी बायको ही अशी. तिला गाडी चालवता येत नव्हती, पण कान होता. तिचा बाप मिलमध्ये फिटर. लहानपणी ती त्याचा डबा पोचवायची, तेव्हा तो नुसतं ऐकून कुठला माग आजारी आहे ते सांगायचा. तेच हिने उचललं. लालबागला आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत तांदूळ निवडत बसायची. खाली कुणाची गाडी कुरकुरली की वरून ओरडायची, "बॅटरी नाय रे, हीटर गेलाय, इंजिन गरमच होत नाय. सेल्फ मारून मारून तिला मारू नको." लोक आधी हसायचे. मग गॅरेजवाला तेच सांगायचा आणि लोक चिडायचे.

माणसांनाही तोच न्याय. जावई उशिरा उठला तर, "जरा हीटर द्या त्याला." मी घोरलो की सायलेन्सर फुटला. मी तापलो की, "अहो, आधी ऐकून घ्या, मग सेल्फ मारा."

मी चौथी शिकलो आणि आयुष्यभर ड्रायव्हरकी केली. कंपनीने जीप काढून टाकली तेव्हा मीच घेतली. रोज आठला खाली जायचो, चावी फिरवायचो, एका सेल्फला सुरू. वर बघून म्हणायचो, "बघितलंस?" ती म्हणायची, "तुमचा हात लागला ना." मी फुगायचो.

त्या रविवारनंतरच्या मंगळवारी ती गेली. दुपारी, भाकरी थापताना. त्याबद्दल जास्त लिहिणार नाही.

तेरावं झाल्यावर जीपला चावी लावली. सेल्फ फिरला, इंजिन नाही उठलं. नवी बॅटरी टाकली. हीटर तपासले. धक्का मारून सुरू केली की दिवसभर चालायची, दुसऱ्या सकाळी परत मेलेली.

मुलगी लता वडाळ्याहून आली. "बाबा, हे धूड भंगारात द्या आणि माझ्याकडे राहायला या."

"शनिवारी सकाळी सुरू झाली तर ठेवणार. नाही झाली तर तू म्हणशील तसं." तोंडाने बोललो. आतून म्हणत होतो, ही जीपपण गेली तर मी बोलू कुणाशी.

शुक्रवारी उस्मान मेकॅनिकला बोलावलं. त्याने डिझेलची नळी बोटाने चाचपली.

"चाचा, इथे बारीक चीर आहे. रातभर हवा खाते, डिझेल मागे उतरतं. सकाळी हा पंप हाताने दाबल्याशिवाय उठणारच नाही."

"मी तर कधी दाबला नाही."

"मग कोणीतरी दाबत होतं. ये देखो."

पंपाच्या बटणाला फडकं बांधलेलं होतं, अंगठ्याला लागू नये म्हणून. हिरव्या साडीचं. ती साडी मीच आणलेली.

तळमजल्यावरची पारकरीण दारात उभी होती. "वहिनी दूध आणायला उतरायच्या तेव्हा रोज दाबायच्या की. तुम्हाला म्हाईत नाय?"

जुन्या जीपचं बॉनेट बाहेरच्या क्लिपांनी उघडतं, चावी लागत नाही. फडकं दिसायचं, पण गॅरेजवाल्याने बांधलं असेल म्हणून सोडून द्यायचो. मला कळणार कसं?

"मला बोलली का नाही?"

"मी विचारलेलं. म्हणाल्या, कळलं तर गाडी विकतील, मग घरात बसून माझं डोकं खातील." पारकरीण हसली. मीपण हसलो. मग ती हळू म्हणाली, "आणि म्हणाल्या, सकाळचे तेवढे फुशारतात, फुशारू दे."

उस्मान म्हणाला, "पाइप बदलून टाकतो, दहा मिनिटांचं काम."

"राहू दे," मी म्हणालो. "दूध आता मीच आणतो."

शनिवारी सहाला दूध घेऊन आलो. पिशवी मडगार्डवर ठेवली, बॉनेट उघडलं आणि हिरव्या फडक्यावर अंगठा टेकवून पंप घट्ट लागेपर्यंत दाबत राहिलो. आठला परत खाली उतरलो. चावी फिरवली. एका सेल्फला.

सवयीने वर गॅलरीकडे बघितलं. "तुझा हात लागला ना," म्हणालो.

मग दादरहून बांगडे घेतले आणि वडाळ्याला लताच्या बिल्डिंगखाली जाऊन हॉर्न वाजवला.