गच्चीवरची राजमती

लाकडावर नावं कोरायच्या लेझर मशीनच्या कॅमेऱ्याची वायर उंदराने कुरतडली, तेव्हा उत्कर्षाला आनंदच झाला. आता बिनवायरचा कॅमेरा बसेल! तिचा नवरा जिनेंद्र सांगलीहून एकदम दोन घेऊन आला. एक मशीनच्या झाकणात, आतला माल कॉम्प्युटरवर दिसावा म्हणून. दुसरा गच्चीत, आईच्या पापडांवर कावळे बसतात म्हणून.

जिनेंद्र मोठा मातृभक्त. ट्रॅक्टरवर आईचं नाव ‘राजमती’, वर्कशॉपवर ‘राजमती लेझर’, वायफायही ‘राजमती’. दोन्ही कॅमेऱ्यांना त्याने तेच नाव दिलं आणि कामाला निघून गेला.

उत्कर्षाला घाई होती. शिराळ्याच्या सुभेदार मानसिंगांना माजी सैनिकांच्या मेळाव्यासाठी लाकडी पदकं हवी होती, प्रत्येकावर एकेकाचं नाव. मेळावा आजच, मानसिंग वाटेत, आणि लाकडाच्या गोल चकत्या अगदी नेमक्या. जादा एकही नाही. तिने त्या मशीनमध्ये मांडल्या, झाकण लावलं आणि कॉम्प्युटरवर ‘राजमती’ जोडली. पडद्यावर गोल चकत्यांच्या रांगा उमटल्या. किती सुबक मांडल्यात, असं स्वतःचंच कौतुक करत तिने एकेकीवर नाव बसवलं. कोपऱ्यातली एक वाऱ्याने हलली. मशीनचा पंखा असेल, म्हणून तिने बटण दाबलं.

माजघरात सासूबाईंनी पापड बघायला फोन उघडला. फोनने उरलेली राजमती उचलली होती.

“आगं बया! पापड पेटलं!”

राजमतीबाई बादली घेऊन गच्चीत धावल्या. पापडांकडे पाहिलं, धूर नाही. फोनकडे पाहिलं, धूरच धूर. त्यांनी फोनवर विश्वास ठेवला आणि बादली ओतली.

खाली उत्कर्षाच्या पडद्यावर चकत्यांना पूर आला. तिने किंचाळून मशीन बंद केलं, झाकण उघडलं. आत सगळं कोरडं ठणठणीत; मात्र सगळ्या चकत्या वाया गेलेल्या, एकीवर ‘सुभे’, तर ‘दार’ खालच्या जाळीवर. तिने पडद्याकडे पाहिलं. चकत्यांच्या मधोमध बादली घेऊन सासूबाई उभ्या होत्या.

“आत्याबाई, तुम्ही मशीनमध्ये काय करताय?” ती जिन्यातून ओरडली.

“मी गच्चीत हाय! तूच माज्या फोनात काय करतीयास?”

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. “झालं का गं पोरी?” मानसिंगांचा आवाज.

“बसा आबा, होतंय!” उत्कर्षा आतूनच ओरडली.

राजमतीबाई वाचलेले पापड परातीत घेऊन खाली आल्या. “एवढंच कोरडं ऱ्हायलं. पापडाला लाकूड समजलीस व्हय गं? चकत्यांएवढं हाईत म्हणून काय झालं!”

उत्कर्षाने परातीतले पापड मोजले, नावांना पुरत होते. मग पडद्याकडे पाहिलं. नावं पापडांवर बसवून तयारच होती.

तिने पापड पडद्यावरच्याच रांगांत मशीनमध्ये मांडले, लेझरची ताकद अगदी कमी केली, जीव मुठीत धरून बटण दाबलं. भाजक्या उडदाचा वास वर्कशॉपभर सुटला.

मानसिंगांनी आपल्या नावाचा पापड हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. उत्कर्षाने डोळे मिटून घेतले.

“गेल्या साली लाकडाचीच दिली हुती,” ते म्हणाले. “आमच्या मंडळीनं दुधावर झाकण केलं त्येचं. ह्ये तरी पोटात जाईल. मिरी हाय का?”

“हाय की!” राजमतीबाई म्हणाल्या.

“मग झकास! पुढच्या साली पण हीच करा.”

संध्याकाळी जिनेंद्र आला आणि दोघींच्या मधोमध सापडला.

“एका नावाचं दोन कॅमेरं कशाला रं केलंस?” आई कडाडली.

“चुकलं गं आई. आत्ता बदलतो नावं.” त्याने मुकाट्याने फोन घेतला, काहीतरी टाइप केलं आणि लाजत बायकोकडे पाहिलं.

उत्कर्षाने कॉम्प्युटर उघडला. पडद्यावर दोन्ही कॅमेऱ्यांची नवी नावं दिसत होती. उत्कर्षा, आणि त्याखाली, उत्कर्षा.