बाळ रडेना, मनोरा पेटेना

"बाबा, घाबरू नका, पण बाळ येशू हिरवा पडलाय."

स्वयंपाकघरातून सून बोग्ना ओरडली, पण वालेंती घाबरले नाहीत. दाढीचा साबण गालावर तसाच ठेवून त्यांनी स्वयंपाकघरात डोकावलं. टेबलावर त्यांची शोप्का, म्हणजे नाताळचा येशूजन्माचा देखावा, उभी होती. क्राकूवच्या चर्चचे दोन मनोरे, मध्ये सोनेरी घुमट, घुमटाखाली गव्हाणीत बाळ येशू, आणि सगळं चॉकलेटच्या चमचमत्या कागदाचं. वर्षभर चिमट्याने एकेक तुकडा चिकटवून त्यांनी ती उभी केली होती. आज दुपारच्या आत ती चौकात, पुतळ्याच्या पायऱ्यांवर, गावातल्या बाकीच्या शोप्कांशेजारी स्पर्धेसाठी मांडायची होती.

"हेला टॉर्चचे बल्ब लावायची," वालेंती म्हणाले, "तेव्हा येशूची तब्येत बरी असायची."

एवढंच बोलून ते दाढीकडे परत गेले. ट्राम दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस, बोलण्यात कधी हात सैल सोडला नाही. पण ते एक वाक्य बोग्नाला नेमकं लागलं. शोप्का सासऱ्यांची, पण दिवे हा सासूबाईंचा, हेलाचा, प्रांत. त्या गेल्यापासून शोप्का अंधारीच चौकात जात होती. "या वर्षी दिवे मी करते," हे बोग्ना बोलून गेली, आणि सासऱ्यांनी पक्कड तिच्या पुढ्यात सरकवली. ती पक्कड सासूबाईंची होती.

बोग्नाने रंग बदलणारे एलईडी बसवले. सगळ्यांना हुकूम सोडायला तळाशी काडेपेटीएवढा बोर्ड. एका दुकानातले दिवे संपले म्हणून उजव्या मनोऱ्याचे आणि गव्हाणीचे तिने दुसऱ्या दुकानातून आणले, आणि तिथेच माशी शिंकली. हे दिवे उलट्या जातीचे होते. त्यांचा लांब तारेचा पाय बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला जोडल्यावर ते पेटले, म्हणून ती खूश झाली. पण त्यांना गुलाबी म्हटलं की ते हिरवे होत, आणि विझा म्हटलं की पांढरेफटक पेटून उठत.

"म्हणजे अगदी लेशेकसारखे," ती पुटपुटली. लेशेक म्हणजे तिचा नवरा. तो कामावर निघून गेला होता.

कारण सापडल्यावर उपाय सोपा होता. या दिव्यांना सगळे हुकूम उलटे द्यायचे. तिने लॅपटॉपवर तसं लिहिलं, बोर्डात भरलं आणि श्वास रोखून बटण दाबलं. दोन्ही मनोरे लालसोनेरी झाले. येशूच्या गालावर गुलाबी रंग आला.

"आला रंगावर," दारातून वालेंती म्हणाले.

ही शाबासकी तिला नीट घेताही आली नाही, कारण तेवढ्यात उंच खुर्चीत बसलेल्या कालिनाने रव्याच्या खिरीची वाटी टेबलावर पालथी केली. दहा महिन्यांची पोर, पण नेम असा की खीर शोप्काच्या एकाही कागदाला न लागता सरळ तळच्या बोर्डावर गेली. बोर्डाने चर्रर्र आवाज केला आणि राम म्हटला.

बोग्नाने आधी कालिनाची बोटं तपासली, मग जीभ, मग पुन्हा बोटं. चटका नाही, काही नाही. मग तिने लेशेकला फोन लावला.

"दुसरा घे ना विकत," तो म्हणाला.

"दुकान नदीपलीकडे! मी जाऊन येईपर्यंत चौकातली स्पर्धा संपेल!"

"मग ससा आहे की."

ससा म्हणजे कालिनाच्या पाळण्याशेजारचा दिवा. त्यातही तसाच बोर्ड होता, बोग्नानेच बसवलेला, वर माइकचं बोंड. बाळ कण्हलं की सशाच्या पोटात रंग फिरायला लागत, गप्प झालं की ससा विझे. बोग्नाने तो इतका हळवा केला होता की कालिनाच्या दोन खोल्या पलीकडच्या उसाशालाही तो जागा होई. आधी तो वालेंतींच्या घोरण्यालाही पेटायचा. म्हणून तिने त्याला फक्त बाळासारखे बारीक, चिरके आवाज ओळखायला शिकवलं होतं.

तिने सशाचं पोट फाडलं आणि बोर्ड बोंडासकट शोप्कात बसवला. आता फक्त नवा प्रोग्रॅम भरायचा. लॅपटॉप उघडला, तर तो म्हणाला, अपडेट चालू आहे, कृपया बंद करू नका.

"किती वेळ?" कोट घालून उभ्या वालेंतींनी विचारलं.

"तो सांगत नाही, बाबा."

"ट्राम सांगते," म्हणत त्यांनी शोप्का उचलली.

ट्राममध्ये ससा नाही म्हणून कालिनाने सूर लावला. लगेच डावा मनोरा रंगांनी नाचू लागला. उजव्यावर त्याच्या उलटे रंग, तेही देखणे दिसत होते. समोरच्या आजीबाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, "अगंबाई, किती छान! पोरीच्या तालावर चालतं होय?"

"हो ना," बोग्ना कसंनुसं हसली. आयुष्यात पहिल्यांदा तिला लेकीचं रडणं ऐकून हायसं वाटत होतं. फक्त चौकापर्यंत टिकव गं बाई, एवढंच ती मनात म्हणत राहिली.

चौकाच्या थांब्यावर कालिना झोपली. साधीसुधी नाही, गाढ. जन्मापासून ज्या झोपेसाठी बोग्नाने हात जोडले होते ती हीच.

पायऱ्यांवर शोप्का ठेवली तेव्हा डावा मनोरा काळाठिक्कर होता. उजवा पांढराफटक जळत होता, आणि येशू ऑपरेशनच्या टेबलावर ठेवल्यासारखा दिसत होता. माणसांची गर्दी होती, पण सगळे घोगरे, जाडे आवाज. बोर्डाच्या लेखी चौकात कोणी नव्हतंच.

"काय रे वालेंती," शेजारच्या पायरीवरून कोर्नेल ओरडला. त्याची शोप्का गेली कित्येक वर्षं वालेंतींच्या शोप्काशेजारीच बसे. "अर्ध्या चर्चचं वीजबिल थकलं वाटतं?"

वालेंतींचे कान लाल झाले.

"आणि हे सुनेने केलं? हेला असती तर..."

"कोर्नेल," वालेंती म्हणाले, "तू तुझे देवदूत सांभाळ. एक खाली तोंड करून लटकलाय."

परीक्षक कोपऱ्यावरच्या शोप्कापाशी आले होते. बोग्नाने बाबागाडीत वाकून पाहिलं.

"बाबा, तिला उठवावं लागेल."

"झोपलेल्या पोरीला?"

"एक चिमटा. हळूच."

तिने दोन बोटं कालिनाच्या पोटरीजवळ नेली. पोरीने झोपेत ओठ चोखले. बोग्नाची बोटं तिथंच अडकली.

"नाही जमत हो मला. तुम्हीच काढा."

"मी?" वालेंतींनी हात मागे घेतले. "मी या हातांनी ट्राम उचलल्यात. चिमटा नाही काढणार."

"मग वर्षाची मेहनत गेली ना तुमची!" बोग्नाला रडू फुटलं. पण तिचं रडणंही जाड निघालं. मनोरा ढिम्म.

वालेंती बाबागाडीपाशी वाकले. मग त्यांनी बाळाचं पांघरूण नीट केलं. "झोपू दे तिला," ते म्हणाले. "दोन वर्षं अंधारच नेत होतो. आज निदान अर्धी पेटलीय."

परीक्षक समोर येऊन थांबले. त्यातल्या बाईंनी चष्मा वर केला, काही विचारायला तोंड उघडलं, आणि वरून तुतारी वाजली.

चर्चच्या उंच मनोऱ्यातून रोज वाजते तीच. फार पूर्वी शत्रूची वर्दी देताना वादकाच्या गळ्यात बाण घुसला, म्हणून आजही तिचा सूर त्याच जागी तोडतात. पण आज त्या बारीक, चढत्या सुरासरशी शोप्काचा डावा मनोरा निळा, जांभळा, सोनेरी होत उजळला. येशूच्या गालावरही रंग फिरले. आणि नेहमीसारखी सूर अर्ध्यावर तुटून तुतारी थांबली, त्या क्षणी मनोरा विझला. उजवा पांढरा होऊन नुसता उभा राहिला.

चौकात कोणी हाललं नाही. वादक दुसऱ्या खिडकीशी गेला. पुन्हा सूर, पुन्हा रंग, पुन्हा तुटणं, पुन्हा अंधार. चारही दिशांना. शेवटच्या तुटलेल्या सुरानंतरच्या शांततेत कालिना जागी झाली आणि तिने टाहो फोडला, आणि शोप्का लखलखून पेटली.

टाळ्या पडल्या. परीक्षक बाईंनी डोळे टिपले. "सूर तुटतो तिथे दिवा विझवायचा, आणि मग बाळाच्या रडण्याने पुन्हा लावायचा! कुणाला सुचलं हे?"

बोग्ना खरं सांगायला निघाली होती. वालेंतींनी तिच्या पायावर पाय दिला.

"घरातल्या बायकांना," ते म्हणाले. "दिव्यांचं आमच्यात त्याच बघतात."

बक्षीस मिळालं. शोप्का संग्रहालयात ठेवली गेली. लॅपटॉपचा अपडेट कधीच संपला होता. बोग्नाने नीट प्रोग्रॅम लिहून ठेवला, पण सासरे ऐकेनात. "आहे तशी राहील. हात लावायचा नाही."

अडचण एवढीच की संग्रहालयात तुतारी ऐकू येत नाही. आणि कालिना, ससा गेल्यापासून, रडायचंच विसरली.

एका सकाळी बोग्ना कालिनाला कडेवर घेऊन तिथे गेली. दालन रिकामं होतं. शोप्कापुढे वालेंती एकटेच, टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, घसा खाकरला. मग ट्रामचा तो अबोल कारागीर मनोऱ्याकडे तोंड करून, अगदी बारीक, चिरक्या आवाजात म्हणाला:

"ट्यांऽऽऽहां!"

मनोरा उजळला. बोग्ना पटकन खांबामागे झाली आणि तिने कालिनाच्या तोंडावर हलकेच हात ठेवला. पोर खिदळायच्या बेतात होती, आणि बाबांचं अजून झालं नव्हतं.