ठिपका घरी आहे

कुटुंब विश्वासावर उभं असतं आणि विश्वास पासवर्डवर. हे तत्त्व प्रथम मांडण्याचा मान आमच्या वरच्या मजल्यावरच्या साहेबांकडे जातो. पंधरा वर्षांच्या लेकीला समोर बसवून ते म्हणाले, "आमचा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे. पासवर्ड सांग." (तिने सांगितला. तिचाही त्यांच्यावर विश्वास होता.)

साहेब आगप्रतिबंधक खात्यात तपासनीस आहेत. हॉटेलं, गोदामं, दवाखाने यांच्या छताला धुराचे भोंगे आहेत का आणि ते वाजतात का, हे ते शिडीवर चढून पाहतात. भोंगा ऊठसूट वाजतो म्हणून लोक त्यातले सेल काढून ठेवतात. अशा लोकांची त्यांना भयंकर चीड आहे. "भोंगा बंद करणारा माणूस स्वतःच्या घराला काडी लावतो," असं ते कुणी विचारलं नाही तरी ऐकवतात.

तेव्हा लेकीच्या फोनलाही त्यांनी भोंगा बसवला, यात नवल नाही. भोंगा म्हणजे एक ॲप. ते नकाशावर मुलीला निळ्या ठिपक्याच्या रूपात दाखवतं, तिचे सगळे मेसेज आईबाबांच्या फोनवर आणून टाकतं आणि त्यात धोक्याचा शब्द दिसला की किंचाळतं. शब्द साहेबांनी स्वतः निवडले: मरणे, पळणे, भेटणे, गुपित आणि आईस्क्रीम. (शेवटचा आईच्या आग्रहावरून. मुलीचा घसा नाजूक आहे.)

यात चोरून काही नव्हतं. "तुझं सगळं आम्ही वाचणार, पण उघडपणे," असं तिला स्पष्ट सांगण्यात आलं. खासगीपणाचाही साकल्याने विचार झाला आणि बाथरूमची कडी आहे तशी ठेवण्यात आली.

ॲप कामाला वाघ निघालं. मैत्रीण "हसून हसून मेले" म्हणाली, ते किंचाळलं. बस पळाली, किंचाळलं. गणिताच्या बाई जिन्यात भेटल्या, तेव्हा तर दोनदा किंचाळलं. एके दिवशी साहेब एका दवाखान्यात शिडीवर उभे राहून, सेल काढल्याबद्दल तिथल्या व्यवस्थापकाला झापत असताना ते खिशातून किंचाळलं. व्यवस्थापक हसला. साहेबांनी शिडीवरूनच ॲपचा आवाज बंद केला. आईने आपल्या फोनवर तो आधीच बंद केला होता, कारण बाबा वाचतातच. बाबांना खात्री होती की आई वाचते. (त्या घरात पासवर्डशिवाय चाललेला हा एकमेव विश्वास.)

ठिपका मात्र दोघंही आवडीने पाहत. ठिपका गुणी असतो. तो उलट बोलत नाही, ओला टॉवेल पलंगावर टाकत नाही. "कुठंय ही?" असं जेवताना आईने विचारलं की साहेब फोन पाहून सांगत, "घरीच आहे." मुलगी समोर पोळी मोडत बसलेली असे.

मग मुलीच्या चित्रकलेच्या ग्रुपमध्ये एकजण आला. वय सोळा म्हणाला. तिच्या चित्रांचं कौतुक केलं, मग तिचा फोटो मागितला, मग भलताच फोटो मागितला आणि हे आपलं गुपित, असंही बजावलं. ॲपने कर्तव्य बजावलं. ते आवाज न करता किंचाळलं.

मुलगी घाबरली, पण तिला एक आधार होता. बाबा वाचतात. ती वाट पाहू लागली. संध्याकाळी बाबा आले आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशी पंखा चालू राहिल्याबद्दल बोलले. तिने सरळ अर्थ लावला. त्यांनी वाचलंय आणि तरी गप्प आहेत, म्हणजे चूक माझीच आहे आणि माझ्याशी बोलावं अशीही मी राहिले नाही. तिने चित्रं काढणं सोडलं. जेवण निम्म्यावर आलं.

घरात याची नोंद सुधारणा म्हणून झाली. फोनचा वापर घटला, उलट उत्तरं पार थांबली. ॲपने 'सुरक्षित कुटुंब' असा हिरवा बिल्ला दिला. साहेबांनी तो मला जिन्यात थांबवून दाखवला आणि मी मनापासून अभिनंदन केलं.

रविवारी सकाळी तिने फोन बाबांसमोर ठेवला.

"ओरडायचं तर ओरडा बाबा, पण काहीतरी बोला ना."

"कशाबद्दल?"

"तुम्ही वाचलंय ना सगळं."

साहेबांनी ते तेव्हा पहिल्यांदा वाचलं. वाचता वाचता खाली बसले.

"अगं, मला सांगायचं नाहीस का?"

"तुम्ही वाचता म्हणून नाही सांगितलं."

ही उलटतपासणी तिथेच संपली. त्या इसमाची रीतसर तक्रार झाली, त्याचा बंदोबस्त झाला. साहेब हल्ली सेलवरून कुणाला फार बोलत नाहीत. संध्याकाळी लेकीच्या शेजारी बसून चित्रं पाहतात. "मांजर झकास जमलंय," म्हणतात. "घोडा आहे, बाबा," ती म्हणते. मला ते ऐकू येतं आणि बरं वाटतं.

तरीही यातून बोध घ्यायलाच हवा, म्हणून मी माझ्या मुलासाठी दोन भोंग्यांचं ॲप घेतलं आहे. वाचकहो, तुम्ही तर सुज्ञच आहात. तुमचं मूल आत्ता, या क्षणी कुठे आहे?

बघितलंत ना फोनमध्ये? मान वर केली असती तरी दिसलं असतं.