सहाव्यांदा तेच पद

शनिवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, मुलुंडच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये, महाराजांच्या वेषातल्या विद्याधर कर्णिकांचा आवाज फाटला. एकच पद ते सहाव्यांदा गात होते.

शंभर वर्षांपूर्वीचं, चाळीस पदांचं संगीत नाटक गंधालीने नव्वद मिनिटांत बसवलं होतं. पाच नट, सहा पदं, साठ खुर्च्या. विद्याधररावांच्या सात पदांतलं एक उरलं.

"काका, सगळ्यांचीच कापलीत," गंधाली तालमीत म्हणाली होती.

"केयूरची दोन ठेवलीस."

"तो हिरो आहे ना!"

केयूर पेटीवाल्याला रोज चहा पाजतो, हे विद्याधररावांनी टिपून ठेवलं होतं. पुढच्या, बोरिवलीच्या प्रयोगात आपलं उरलेलं पदही उडणार, याची त्यांना खात्रीच पटली. उपाय एकच. ज्या पदाला वन्स मोअर मिळतो, ते कापायची कोणाची टाप नसते.

त्यांनी बिल्डिंगमधल्या चौघांना वेगवेगळं गाठलं. सगळे एकदम ओरडले तर ठरवल्यासारखं दिसेल, म्हणून प्रत्येकाला बजावलं, "कोणाला बोलू नका. दुसरं कोणी ओरडलं, तर तुम्ही पुढच्या टाळ्यांना ओरडा."

चौघेही शब्दाचे पक्के निघाले.

पहिल्या वन्स मोअरला महाराजांनी नम्रपणे मान लववली. तिसऱ्याला केयूर विंगेतून कुजबुजला, "काका, माझी एंट्री!" चौथ्यानंतर महाराजांनी सुटकेचा निःश्वास सोडला, आणि मागून पाचवा आला. साडेसातला हॉल वाढदिवसाला दिलेला. गंधालीने केयूरची दोन्ही पदं गाळून नाटक संपवलं.

घरी मिठाच्या गुळण्या करत विद्याधररावांनी बायकोकडे चौकशी सुरू केली.

"शुभा, पाचवं कोण ओरडलं?"

"कोणाला तरी आवडलं असेल."

"सहाव्यांदा ऐकण्याइतकं? केयूरचाच माणूस. माझा गळा घालवायला."

"अहो, त्याचीच पदं गेली की!"

"तेच तर! संशय येऊ नये म्हणून."

रविवारी सकाळी गंधालीला अनोळखी नंबरवरून मेसेज आला : बोरिवलीला महाराज तेच असतील ना? ते पद पुन्हा ऐकायचंय. खाली नाव नव्हतं. तिने तो कौतुकाने काकांना पाठवला. "पद ठेवतेय हं!" असंही लिहिलं.

विद्याधररावांनी फक्त नंबर उतरवून घेतला आणि केयूरच्या नातेवाइकांचे नंबर मिळवायला सुरुवात केली. दुपारपर्यंत नऊ ताडून पाहून झाले होते. एकही जुळला नव्हता.